दोघांनी मिळून घडवायचे रंगीत लंबकाचे घड्याळ : नवख्यांसाठी मार्गदर्शन

लंबकाचे घड्याळ ही मुळातच दोघांच्या कामातून जन्मलेली वस्तू आहे. क्रिस्टियान हायगेन्स यांनी १६५६ च्या अखेरीस लंबकाचा झोका घड्याळाच्या चाकांना जोडण्याची युक्ती शोधली. पण ते गणिती होते, पेशाने घड्याळजी नव्हते. म्हणून १६५७ मध्ये ही घड्याळे घडवण्याचा हक्क त्यांनी हेग शहरातील सालोमन कोस्टर या कारागिराकडे सोपवला. त्याआधीची घड्याळे दिवसाला सुमारे पंधरा मिनिटे पुढे-मागे होत असत. लंबक आल्यावर हा फरक पंधरा सेकंदांच्या आसपास आला. पुढे १९८० च्या दशकात मिलानमधील मेम्फिस या रचनाकारांच्या गटातले जॉर्ज सोडन आणि नताली दु पास्किए यांनी लोरेन्झ या इटालियन कंपनीच्या ‘निओस’ मालिकेसाठी ठळक रंगांची आणि दाट नक्षीची घड्याळे केली. तीही दोघांनी मिळून केलेली होती.

पुढील मार्गदर्शन अशाच दोघांसाठी आहे. एकाला रंगाची आणि रेषेची जाण आहे, दुसऱ्याला करवत, ड्रिल आणि मोजपट्टी हाताळता येते, आणि दोघांनी पूर्वी घड्याळ केलेले नाही, असे मी गृहीत धरतो. मी स्वतः लाकडाच्या बाजूचा माणूस आहे आणि एका चित्रकार मैत्रिणीबरोबर हे काम शिकलो. त्या अनुभवातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे : एकाने दुसऱ्याला माप न विचारता निर्णय घेतला की घड्याळ अडते, मग रंगकाम कितीही देखणे असो आणि जोडकाम कितीही सफाईदार असो. म्हणून खालील पायऱ्यांमध्ये कोणती गोष्ट कोणी आणि केव्हा ठरवावी यावर मी मुद्दाम भर दिला आहे.

आधी यंत्र, मग चित्र

पहिल्या घड्याळासाठी तयार मिळणारे, लंबक असलेले क्वार्ट्झ यंत्र घ्यावे. किल्लीचे, दाते आणि स्प्रिंग असलेले यंत्र सुंदर असते, पण त्यात लंबक हाच वेळेचा मालक असतो. त्याच्या चकतीवर रंगाचा एक जादा थर दिला तरी वस्तुमानाचा मध्य किंचित सरकतो आणि चाल पुन्हा जुळवावी लागते. हवामानाचाही परिणाम होतो. पोलादी दांडी उन्हाळ्यात लांबते आणि तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले, तर असे घड्याळ दिवसाला साधारण पाच सेकंद मागे पडते. नवख्या माणसाने रंग, लाकूड आणि चाल या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायला जाऊ नये.

क्वार्ट्झ यंत्रात वेळ मोजण्याचे काम एक छोटा स्फटिक करतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि ती संख्या पंधरा वेळा निम्मी करत गेले की सेकंदाला एक ठोका मिळतो. लंबकाचा या मोजणीशी बहुतेक यंत्रांत काहीही संबंध नसतो. त्याच्या वरच्या टोकाजवळ एक लहान चुंबक असतो. तो तारेच्या वेटोळ्यासमोरून गेला की वेटोळ्यात क्षणभर विद्युतदाब निर्माण होतो, सर्किट तो ओळखते आणि विजेचा हलका ठोसा देऊन झोका चालू ठेवते. लंबक काढून ठेवला तरी काटे बरोबर चालतात. काही जणांना हे कळल्यावर वाईट वाटते, आपला लंबक खोटा आहे असे वाटते. मला तसे वाटत नाही. वेळेच्या जबाबदारीतून मोकळा झालेला लंबक रंगकाराच्या हाती येतो, आणि रंगीत घड्याळाला तेच हवे असते.

यंत्र घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे मधल्या आट्यांच्या नळीची लांबी. तबकडीची जाडी, त्यावरचा रंग आणि वॉशर एवढे सगळे पार करून नट बसण्यापुरते आटे बाहेर उरले पाहिजेत. तबकडी ६ मिमी जाड असेल आणि आटे ६ मिमीच असतील, तर ते यंत्र त्या तबकडीसाठी निरुपयोगी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे काट्यांची लांबी आणि वजन यंत्राला पेलणारे आहे का, हे. तिसरी, लंबकाची कमाल लांबी आणि त्याचे कमाल वजन. ही मर्यादा यंत्रासोबतच्या कागदावर दिलेली असते आणि तिच्याशी तडजोड करू नये. चौथी, सेकंदकाटा टिकटिक करत उड्या मारतो की सलग सरकतो. निजायच्या खोलीसाठी घड्याळ करायचे असेल तर सलग सरकणारे यंत्र निवडावे.

यंत्र हातात आल्याशिवाय चित्र काढायला बसू नये, असा माझा आग्रह आहे. चित्रकाराला हे सुरुवातीला बंधन वाटते, पण यंत्राच्या अक्षापासून लंबक अडकवायची खाच किती अंतरावर आहे, यंत्र किती जाड आहे आणि झोका किती रुंद जातो, हे कळल्यावरच चित्राला खरी चौकट मिळते.

मापांचा एकच कागद

दोघांनी मिळून एक कागद तयार करावा आणि तोच दोघांकडे असावा. त्यावर घड्याळाचे पूर्ण आकाराचे, म्हणजे एकास एक प्रमाणातले रेखाटन असावे. दोघे वेगवेगळ्या गावी राहत असतील आणि कागद संगणकावरून पाठवून छापायचा असेल, तर त्याच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिमी लांबीची एक रेषा काढून ठेवावी. छापल्यानंतर ती रेषा पट्टीने मोजावी. छपाई यंत्रे पान बसवण्यासाठी चित्र गुपचूप थोडे लहान करतात, आणि ९७ मिमीची रेषा दिसली की चूक लाकूड कापण्याआधीच सापडते.

उदाहरणासाठी मी एक साधी रचना सांगतो. मागे ३२ सेमी रुंद आणि ५६ सेमी उंच फळी. तिच्या पुढे २८ सेमी व्यासाची गोल तबकडी, चार खुंट्यांवर फळीपासून थोडी पुढे धरलेली. यंत्र तबकडीच्या पाठीला बसते आणि लंबक तबकडी व फळी यांच्या मधल्या पोकळीत लटकतो. तबकडीचा मध्य फळीच्या वरच्या कडेपासून १६ सेमीवर घ्यावा. लंबकाची खाचेपासून चकतीच्या मध्यापर्यंतची लांबी ३० सेमी आणि चकतीचा व्यास ८ सेमी धरावा. खाच अक्षाच्या जवळच आहे असे मानले, तर तबकडीच्या खालच्या कडेपासून चकतीच्या वरच्या कडेपर्यंत सुमारे १२ सेमी दांडी उघडी दिसते. ही उघडी दांडी महत्त्वाची आहे. ती दोन-तीन सेमीच उरली, तर चकती तबकडीला चिकटल्यासारखी दिसते आणि झोक्याची लय डोळ्याला जाणवत नाही.

आता झोक्याची जागा काढावी. लंबक प्रत्येक बाजूला ८ अंश जातो असे धरले, तर ३० सेमी लांबीवर चकतीचा मध्य दोन्हीकडे सुमारे ४.२ सेमी सरकतो. त्यात चकतीची ४ सेमी त्रिज्या मिळवली की एका बाजूला ८.२ सेमी आणि एकूण साडेसोळा सेमीच्या आत-बाहेर जागा लागते. प्रत्येक बाजूला आणखी दीड सेमी मोकळे सोडून मी साडेएकोणीस सेमीचा पट्टा कागदावर लाल पेन्सिलीने आखतो आणि त्यात काहीही उभारायचे नाही असा नियम ठेवतो. हा नियम आम्हाला एका नुकसानीतून मिळाला. आमच्या पहिल्या घड्याळाला दोन्ही बाजूंनी लाकडी कडा होत्या. कडा कापून झाल्यावर चकती छोटी वाटते म्हणून आम्ही तिचा व्यास दोन सेमीने वाढवला आणि कागद पुन्हा पाहिला नाही. चकती दर झोक्याला डाव्या कडेला हलकेच टेकू लागली आणि काही मिनिटांतच थांबली. रंगवून, वार्निश करून पूर्ण झालेली ती कड आम्हाला करवतीने कापावी लागली. तेव्हापासून मापात कोणताही बदल झाला की तो आधी कागदावर येतो आणि दोघांची सही झाल्यावरच लाकडावर उतरतो.

लंबकाची लांबी ठरवताना फक्त दिसण्याचा विचार करू नये, लयीचाही करावा. आवर्तनाचा काळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि वजनाने बदलत नाही. सुमारे २५ सेमीचा लंबक एका सेकंदात जाऊन परत येतो. एक मीटरच्या किंचित आतला, म्हणजे ९९.४ सेमीचा लंबक त्यासाठी दोन सेकंद घेतो. १५ सेमीच्या लंबकाला पाऊण सेकंदाहून थोडासाच जास्त वेळ लागतो. आपल्या ३० सेमीच्या लंबकाचे आवर्तन साधारण १.१ सेकंदाचे होते. आखूड लंबक घाईत असल्यासारखा दिसतो. त्यामुळे शांत, मंद रंगांच्या घड्याळाला तो शोभत नाही, आणि भडक, खेळकर रंगांच्या घड्याळाला तोच जिवंत करतो. लय आणि रंगसंगती ही एकाच बैठकीत ठरवायची गोष्ट आहे.

त्याच बैठकीत श्रेयाचा प्रश्नही लेखी मिटवावा. घड्याळावर कोणाची नावे, कोणत्या क्रमाने येणार, हीच रचना पुन्हा किती वेळा करायची, चित्रकाराची नक्षी दुसऱ्या वस्तूवर वापरता येईल का, खर्च आणि विक्रीची रक्कम कशी वाटायची, एवढे चार ओळींत लिहिले तरी पुरते. विसाव्या शतकाच्या मध्यातले, रंगीत गोळ्यांनी तास दाखवणारे ‘बॉल क्लॉक’ बराच काळ जॉर्ज नेल्सन यांच्याच नावाने ओळखले गेले. त्यांच्या कार्यालयात काम करणारे आयर्विंग हार्पर यांचा त्यातील वाटा पुष्कळ उशिरा लोकांपुढे आला. मैत्री घट्ट असली तरी हे लिहून ठेवावे, किंबहुना ती घट्ट राहावी म्हणूनच लिहावे.

पुठ्ठ्याचे घड्याळ

लाकूड कापण्यापूर्वी जाड पुठ्ठ्याचे पूर्ण आकाराचे घड्याळ करावे. त्यात खरे यंत्र बसवावे, पुठ्ठ्याचीच चकती लावावी आणि ते दोन दिवस भिंतीवर चालू ठेवावे. चार मीटरवरून वेळ वाचता येते का ते पाहावे. येत नसेल तर दोष काट्यांचा आहे की पार्श्वभूमीचा, हे दोघांनी मिळून शोधावे. रंगांचे तुकडे कापून पुठ्ठ्यावर टाचणीने लावता येतात आणि हवे तसे हलवता येतात. या दोन दिवसांत जितके बदल सुचतात तितके पुढच्या सगळ्या कामात सुचत नाहीत.

रंग कसा ठरवावा

रंगीत घड्याळाची पहिली कसोटी म्हणजे काटे दिसणे. माणूस घड्याळाकडे पाहतो तेव्हा तो अंक वाचत नाही, दोन काट्यांमधला कोन ओळखतो. त्यामुळे अंक गाळले तरी चालतात, पण काटे पार्श्वभूमीत हरवले तर चालत नाही. काटा आणि तबकडी यांच्या रंगांत छटेचा फरक पुरेसा नाही. उजळपणाचा फरक हवा. लाल तबकडीवर हिरवा काटा कागदावर जोरदार वाटतो, पण दोन्हींचा उजळपणा सारखा असेल तर दुरून ते एकमेकांत मिसळतात, आणि ज्यांना लाल-हिरवा भेद नीट कळत नाही त्यांना तर काटा दिसतच नाही. याची परीक्षा सोपी आहे. पुठ्ठ्याच्या घड्याळाचे छायाचित्र काढून ते कृष्णधवल करावे. त्यात काटे स्पष्ट उठून दिसले पाहिजेत. तबकडीवर बहुरंगी नक्षी असेल, तर काटा तिच्यातल्या सर्वांत गडद रंगापेक्षाही गडद किंवा सर्वांत फिकट रंगापेक्षाही फिकट असावा. मधला कोणताही रंग निवडला तर तो दिवसातून कधीतरी कुठल्यातरी पट्ट्यावर नाहीसा होणारच.

तासकाटा तासखुणांच्या आतल्या कडेपर्यंत आणि मिनिटकाटा मिनिटखुणांपर्यंत पोहोचावा. दोन्हींच्या लांबीत ठळक फरक असावा, आणि रंग एकच असला तरी जाडी वेगळी असावी.

दुसरी गोष्ट लंबकाची आहे, आणि या सगळ्या कामातला मला सर्वांत प्रिय भाग हाच आहे. रंग कधीच एकटा दिसत नाही. शेजारच्या रंगाप्रमाणे तो बदलतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रसायनतज्ज्ञ असलेले मिशेल शेव्रल यांच्याकडे काळा रंग फिका उतरतो अशी तक्रार आली. त्यांनी तपासले तेव्हा काळ्या रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो फिका भासत होता. स्थिर चित्रात चित्रकार हे शेजार एकदाच ठरवतो. लंबकाच्या घड्याळात मात्र चकतीचे शेजार दर अर्ध्या सेकंदाला बदलते. मागच्या फळीचा डावा भाग गडद निळा आणि उजवा भाग फिका पिवळा ठेवला, आणि चकतीला मध्यम नारिंगी रंग दिला, तर तीच चकती डावीकडे पेटल्यासारखी उजळते आणि उजवीकडे मवाळ, जवळजवळ तपकिरी होते. लाकडात काही बदलत नाही, रंगात काही बदलत नाही. तरी पाहणाऱ्याला चकती श्वास घेते असे वाटते.

म्हणून चकतीचा रंग फळीवरच्या रंगांपासून वेगळा बसून ठरवू नये. चित्रकाराने एकाच आकाराच्या पाच-सहा पुठ्ठ्याच्या चकत्या निरनिराळ्या रंगांत रंगवाव्यात, जोडीदाराने त्या एकेक करून चालत्या लंबकाला लावाव्यात, आणि दोघांनी त्या प्रत्यक्ष हलताना पाहाव्यात. टेबलावर ठेवून आवडलेली चकती झोक्यात निस्तेज ठरते आणि नावडती चकती अचानक बोलू लागते, असे आमच्याकडे अनेकदा झाले आहे. फळीवरील रंगसीमा कुठे असावी हेही इथेच ठरते. ती बरोबर मध्यरेषेवर असेल तर चकती सर्वाधिक वेगात असताना सीमा ओलांडते आणि बदल झटकन होतो. सीमा झोक्याच्या टोकाजवळ घेतली, तर चकती तिथे मंदावते, क्षणभर थांबते, आणि रंगाचा बदल सावकाश घडताना दिसतो. मला दुसरी रचना जास्त भावते, पण नक्षी भौमितिक आणि कडक असेल तर पहिलीच योग्य.

चकतीवर बारीक नक्षी करू नये. हलत्या चकतीवरची दोन मिलिमीटरची रेघ डोळ्याला दिसत नाही, फक्त रंग मळल्यासारखा वाटतो. एकच सपाट रंग, किंवा फार तर दोन मोठे भाग, एवढेच तिच्यावर शोभते. सगळी नाजूक कलाकुसर तबकडीच्या बाहेरच्या पट्ट्यावर आणि फळीच्या वरच्या भागात करावी.

एकूण रंग पाचांपेक्षा जास्त घेऊ नयेत, असे मी नवख्यांना सांगतो. त्यांतील एक रंग फक्त काट्यांसाठी राखून ठेवावा आणि तो दुसरीकडे कुठेही वापरू नये.

कापणे, घासणे, रंगवणे

फळीसाठी ९ मिमी आणि तबकडीसाठी ४ ते ६ मिमी जाडीचे चांगले प्लायवूड किंवा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, वापरावे. लेझर कटिंग करून घेणार असाल, तर मापांच्या कागदावरूनच फाइल तयार करावी आणि मधले छिद्र यंत्राच्या नळीपेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर मोठे ठेवावे, कारण रंगाचे थर छिद्राच्या आत उतरतात आणि ते अरुंद करतात. रंगवून झाल्यावर नळी अडू लागली, तर ती जोराने दाबू नये. रंगाचा पापुद्रा तडकतो आणि तडा तबकडीच्या दर्शनी बाजूला पसरतो. गोल गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने छिद्र आतून हलके घासावे.

फळीत यंत्राच्या मागे येणाऱ्या जागी एक चौकोनी खिडकी कापायला विसरू नये. सेल बदलणे आणि वेळ लावण्याचे चाक फिरवणे यासाठी बोटे तिथून आत गेली पाहिजेत. खुंट्यांची उंची यंत्राची जाडी अधिक किमान एक सेमी एवढी असावी, म्हणजे लंबक फळीला घासत नाही. खुंट्या लंबकाच्या वाटेपासून दूर, तबकडीच्या कडेजवळ बसवाव्यात.

तबकडीवर बारा खुणा आखण्यासाठी कोनमापकाची गरज नाही. कर्कटकाचे अंतर त्रिज्येएवढेच ठेवून परिघावर एकामागून एक कंस घेतले की वर्तुळाचे सहा समान भाग होतात. प्रत्येक भाग दुभागला की ३० अंशांच्या बारा खुणा मिळतात. मिनिटांच्या खुणा ६ अंशांवर येतात, पण रंगीत घड्याळात त्या सगळ्या दाखवण्याची गरज क्वचितच असते.

लाकूड आधी १८० आणि मग २४० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासावे. एमडीएफच्या कडा रंग शोषून घेतात, म्हणून त्यांना प्रायमरचे दोन हात द्यावेत आणि मध्ये घासून घ्यावे. पुढच्या बाजूला जितके हात दिले जातील, तितकेच मागच्या बाजूलाही द्यावेत. एकाच बाजूला रंग दिलेली पातळ तबकडी ओलावा असमान शोषते आणि कालांतराने वाकते. मग मिनिटकाटा एका जागी तिला टेकू लागतो. रंग अॅक्रिलिक घ्यावेत. ते लवकर वाळतात, पण वाळल्यावर ओल्या रंगापेक्षा थोडे गडद होतात, म्हणून नमुना नेहमी वाळल्यानंतर पाहावा. दोन रंगांची सीमा सरळ हवी असेल तर चिकटपट्टी लावल्यावर तिच्या कडेवरून आधी खालच्याच रंगाचा पातळ हात फिरवावा. त्याने फट बुजते आणि वरचा रंग पट्टीखाली पाझरत नाही. शेवटी बिनचमकीचे वार्निश द्यावे. चकचकीत वार्निश रंग खोल दाखवते हे खरे, पण खिडकीचा उजेड त्यावर पडला की काटे दिसेनासे होतात.

चकती हलकी असावी. ८ सेमी व्यासाची, ३ मिमी प्लायवूडची चकती १० ग्रॅमच्या आसपास भरते. त्याच मापाची पोलादी चकती सुमारे ११८ ग्रॅम होते. वेटोळ्याचा ठोसा अगदी हलका असतो, त्यामुळे जड चकतीचा झोका लहान होत जातो आणि ती थांबते. काचेचे मणी, राळेचा जाड थर, धातूची पट्टी अशी सजावट करायची असेल, तर आधी तराजूवर वजन करावे आणि यंत्राच्या कागदावरील मर्यादेशी ताडून पाहावे.

काटे रंगवताना पातळ फवारा वापरावा. ब्रशचा जाड थर मिनिटकाट्याच्या टोकाला साचला, तर तो नऊच्या खुणेकडून बाराकडे चढताना यंत्रावर सर्वाधिक ताण पडतो आणि घड्याळ दर तासाला पंचेचाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास रेंगाळते. काटे रंगवण्यापूर्वी त्यांच्या मधल्या छिद्रांवर चिकटपट्टी लावावी. सेकंदकाट्याची मागची खिळी तर अजिबात रंगू देऊ नये.

जोडणी आणि टांगणे

यंत्र तबकडीच्या मागून घालावे, पुढून वॉशर आणि नट लावावा. नट हाताने घट्ट करून पान्याने फक्त पाव फेरा द्यावा. लंबकाची खाच बरोबर खाली आली आहे का हे ओळंब्याने तपासल्याशिवाय शेवटचा फेरा देऊ नये. यंत्र दोन अंश तिरके बसले तरी झोका एका बाजूला जास्त जातो आणि रंगसीमेचा सगळा हिशेब चुकतो. मग तासकाटा बाराच्या खुणेवर दाबून बसवावा, त्यावर मिनिटकाटाही बारावर, आणि शेवटी सेकंदकाटा. मागचे चाक फिरवून काटे पूर्ण बारा तास फिरवावेत आणि दर तासाला ते एकमेकांना, तबकडीला किंवा उठावाच्या नक्षीला लागत नाहीत ना, हे बाजूने पाहावे. काट्यांना पुढून धरून वेळ लावण्याची सवय लावून घेऊ नये.

टोले देणारे यंत्र असेल तर क्रम थोडा वेगळा आहे. आधी फक्त मिनिटकाटा बसवून तो टोले पडेपर्यंत फिरवावा, टोले मोजावेत, मिनिटकाटा काढून तेवढ्या अंकावर तासकाटा लावावा आणि मिनिटकाटा पुन्हा त्यावर बसवावा.

घड्याळ दोन खिळ्यांवर किंवा रुंद पट्टीवर टांगावे, म्हणजे ते भिंतीवर डुलणार नाही. एकाच तुळईला टांगलेली आपली दोन घड्याळे थोड्या वेळाने एकमेकांच्या उलट दिशेने, पण एकाच ठेक्यात झुलू लागतात, हे हायगेन्स यांनी १६६५ मध्ये आजारपणात पडल्या पडल्या टिपले होते. तुळईच्या अगदी सूक्ष्म हालचालीतून झोक्याची ऊर्जा इकडून तिकडे जात होती. सैल टांगलेल्या घड्याळात हेच घडते : लंबक फळीला हलवतो, फळी लंबकाची गती खाते, आणि यंत्र ठीक असूनही झोका मरतो. फळीच्या वरच्या कडेवर पाणसळ ठेवून ती समतल करावी आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबराचे छोटे तुकडे चिकटवावेत.

लंबक एका बाजूला दोन-तीन सेमी नेऊन अलगद सोडावा; ढकलू नये. पहिले पाच-दहा मिनिटे झोका थोडा कमी-जास्त होतो आणि मग स्थिरावतो. तो थांबला, तर तपासण्याचा क्रम असा : आधी सेल, काही यंत्रांत लंबकासाठी वेगळा सेल असतो, मग चकती कुठे घासते का, मग फळीचा डगडगाट, आणि सर्वांत शेवटी चकतीचे वजन. काटे चालू आहेत आणि फक्त लंबक थांबला आहे, तर यंत्र बिघडले असे समजून ते उघडू नये. वारा लागणारी जागाही टाळावी, कारण १० ग्रॅमच्या चकतीला पंख्याचा झोत सहज अडवतो. थेट उन्हात रंग उडतात, आणि तांबड्या-गुलाबी छटा बहुधा आधी जातात, म्हणून समोरच्या खिडकीतून ऊन कुठपर्यंत येते ते एक दिवस पाहूनच जागा ठरवावी.

फळीच्या पाठीवर दोघांची नावे, वर्ष, लंबकाची लांबी, चकतीचे वजन आणि वापरलेल्या रंगांची नावे पुसली न जाणाऱ्या शाईने लिहावीत. चकतीच्या रंगाची थोडी शिल्लक छोट्या बाटलीत जपून ठेवावी. चकतीच सर्वांत जास्त हाताळली जाते आणि तिच्याच कडेचा रंग आधी झिजतो. घड्याळ दुसरीकडे न्यायचे असेल, तेव्हा सेल काढावा, लंबक खाचेतून सोडवून वेगळा गुंडाळावा आणि तबकडी वर येईल अशा रीतीने घड्याळ आडवे ठेवून न्यावे.